जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतला ‘इंटेलिजन्स’ : अर्थ वेगळे कसे काढायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकात परदेशच्या बातम्या मुंबईला कशा पोचत, यावर मी एक दीर्घ लेख लिहिते आहे. त्यासाठी स्कॅन केलेली जुनी इंग्रजी वृत्तपत्रं वाचताना एका शब्दापाशी गाडी अडली आहे : इंटेलिजन्स.

त्या काळी हा शब्द सर्रास ‘बातमी’ या अर्थाने येतो. ‘शिपिंग इंटेलिजन्स’ म्हणजे बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांची नोंद, ‘पोलीस इंटेलिजन्स’ म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढची प्रकरणं. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ‘नेव्हल अँड मिलिटरी इंटेलिजन्स’ असं सदरच असे. त्यात नेमणुका, बदल्या, पलटणींच्या हालचाली. हेरगिरीचा मागमूस नाही! वॉशिंग्टनला १८०० साली निघालेल्या एका पत्राचं नाव ‘नॅशनल इंटेलिजन्सर’. आणि अमेरिकेतल्या जाहिरातींतलं ‘इंटेलिजन्स ऑफिस’ म्हणजे घरकामाला माणसं मिळवून देणारी कचेरी.

१८७३ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यात इंटेलिजन्स ब्रँच निघाली, तिथून घोळ वाढतो. त्यानंतरच्या अंकांत ‘मिलिटरी इंटेलिजन्स’ दिसलं, तर ते बढत्यांबद्दल आहे की शत्रूच्या टेहळणीबद्दल, हे अख्खा मजकूर न वाचता ओळखायची काही खूण आहे का? हजारो निकाल येतात, एकेक उघडणं अशक्य आहे.

माझा एक अंदाजही तपासून हवा आहे. १८७० मध्ये समुद्राखालची तार सुएझ-एडनमार्गे मुंबईला पोचली. त्याआधी विलायतेची बातमी मुख्यतः टपालाच्या बोटीतून गठ्ठ्याने यायची. तारेमुळे ‘टेलिग्राम’ हे शीर्षक पुढे आलं आणि ‘इंटेलिजन्स’ मागे पडलं, असं म्हणता येईल का?

शिवाय १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा शेजारशेजारच्या स्तंभांत छापलं जाई. तिथे या शब्दासमोर मराठीत काय आहे, हे कुणी मूळ अंकात पाहिलंय का? पानाचा फोटो मिळाला तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, आधी एक दुरुस्ती. ‘बुद्धी’ आणि ‘गुप्त माहिती’ हे अर्थ तेव्हाही होतेच. तेव्हा अर्थ कधी बदलला हे शोधू नका, कुठल्या अर्थाचा वाटा कधी वाढला ते मोजा.

खूण शेजारच्या शब्दांत सापडते. आधी ‘लेटेस्ट’, ‘फॉरेन’, ‘मेलँकली’ (दुःखद) किंवा नंतर ‘रिसीव्ह्ड’, ‘रीच्ड’ असेल तर बहुधा बातमी. पुढे ‘डिपार्टमेंट’ किंवा ‘ऑफिसर’ आलं की टेहळणी. ‘टेस्ट’ आलं की बुद्धिमापन. ते मात्र विसाव्या शतकातलं, स्टॅनफर्ड-बिने चाचणी १९१६ ची. अशा जोड्या अवतरणचिन्हांत घालून दशकवार शोधा.

नुसत्या आकड्यांवर अजिबात विसंबू नका. सदराचं शीर्षक रोज छापलं जातं, त्यामुळे संख्या फुगते. त्यातून तेव्हाची पत्रं एकमेकांचा मजकूर बिनदिक्कत उचलत, म्हणजे एकच बातमी दहा ठिकाणी मोजली जाते. उलट अरुंद स्तंभात हा लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटतो आणि शोधात निसटतो. ‘इंटेली’ आणि ‘जन्स’ असे तुकडेही शोधून पाहा.

सरावाला ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ हे जुन्या वृत्तपत्रांचं ऑनलाइन संग्रहालय घ्या. फुकट आहे, जाहिराती वेगळ्या काढता येतात, आणि यंत्राने चुकीचं वाचलेलं अक्षर तिथल्या तिथे दुरुस्तही करता येतं. तारेबद्दलचा तुमचा अंदाज मला पटतो, पण तो १८७० च्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं एकाच पत्रात तपासून मगच लिहा.