ज्युरासिक पार्कचा हॅमंड: कादंबरीतला कावेबाज शेठ, पडद्यावरचा गोड आजोबा

पानगळ:
मायकल क्रायटनची 'ज्युरासिक पार्क' (१९९०) वाचून संपवली आणि स्पीलबर्गच्या सिनेमाचा (१९९३) रागच आला. कादंबरीतला जॉन हॅमंड, म्हणजे बेटावर जिवंत डायनासोरांचं पार्क उभारणारा मालक, पक्का धंदेवाला आहे. औषधं का काढायची नाहीत, हे तो डायनासोर घडवणारा शास्त्रज्ञ डॉ. वू याला समजावतो: औषधाच्या किमतीत सरकार नाक खुपसतं, करमणुकीचं तिकीट कितीही लावा. गुंतवणूकदारांना भुलवायला पिंजऱ्यातून इवलासा हत्ती मिरवतो. नातवंडं पार्कात बेपत्ता आणि हा निवांत आइस्क्रीम खातोय! शेवटी मुलांनी लाऊडस्पीकरवर वाजवलेली टी-रेक्सची डरकाळी ऐकून घाबरतो, उतारावरून पडतो आणि कोंबडीएवढे कॉम्पी डायनासोर त्याचा फडशा पाडतात. सिनेमात त्याला पांढरे कपडे चढवले आणि हेलिकॉप्टरात बसवून सुखरूप घरी धाडलं. खापर फुटलं ते नेड्री या पैशासाठी फितूर झालेल्या संगणकवाल्यावर.

बिनपाण्याचा_नळ:
नाही पटलं. आइस्क्रीम सिनेमातही आहे, नीट बघा. वीज गेलीय, आइस्क्रीम वितळतंय, म्हातारा एकटाच टेबलाशी बसून पार्क बघायला आलेल्या एली या शास्त्रज्ञ बाईला आपल्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतोय. तिथे पिसवा नव्हत्याच, झोपाळे मोटरवर हलायचे. तरी पोरं शपथेवर सांगायची की पिसू दिसली. या वेळी त्याला काहीतरी खरं दाखवायचं होतं. एली तोंडावर सांगते की ही अजून तीच सर्कस आहे. कादंबरीतला हॅमंड पहिल्या भेटीतच डोक्यात जातो, मग त्याला डायनासोरांनी खाल्लं काय नि न खाल्लं काय! सिनेमातल्याच्या बेटावर मात्र आपणही हौसेने गेलो असतो. मला भीती त्याचीच वाटते.

पानगळ:
प्रसंग सुंदर आहे, कबूल. पण त्याला किंमत काय मोजावी लागली? वकील जेनारोचं काय केलं बघा. कादंबरीत तो कुरकुरत का होईना, रॅप्टर या शिकारी डायनासोरांच्या बिळात उतरतो आणि जगतो. मुलांना गाडीत टाकून पळणारा तिथे जनसंपर्कवाला एड रेजिस. सिनेमाने रेजिसला गाळलं, त्याचा भेकडपणा जेनारोच्या गळ्यात मारला आणि त्याला संडासात मारून हशा वसूल केला. प्राण्यांचा रखवालदार मुल्डूनही कादंबरीत वाचतो, सिनेमात नाही. मालक तेवढा शाबूत.

चष्मिष्ट:
अहो, हॅमंडवरून खाली उतरा जरा. कादंबरीतली हॅमंडची नात लेक्स नुसती किरकिर करते. धाकटी आहे आणि डायनासोर, संगणक, सगळं तिचा भाऊ टिमकडे. सिनेमाने वयांची अदलाबदल केली, संगणक लेक्सच्या हाती दिला आणि पोरगी लक्षात राहिली. डायनासोरतज्ज्ञ ग्रँटला कादंबरीत मुलं आवडतात, सिनेमात नकोशी वाटतात. म्हणून तर रात्री झाडावर दोघं त्याला बिलगून झोपतात तेव्हा काहीतरी घडल्यासारखं वाटतं. आणि पटकथेच्या श्रेयात डेव्हिड केपसोबत खुद्द क्रायटनचं नाव आहे, हे विसरू नका.

बिनपाण्याचा_नळ:
त्यात भर घाला. कादंबरीच्या शेवटी मेलेला गणितज्ञ माल्कम क्रायटनने दुसऱ्या कादंबरीत (१९९५) जिवंत केला. सिनेमात तो वाचला होता, हा निव्वळ योगायोग म्हणायचा?

पानगळ:
नसेल योगायोग. पण त्याच दुसऱ्या कादंबरीत हॅमंडला त्याने मेलेलाच ठेवला. उलट सिनेमाच्या दुसऱ्या भागात (१९९७) हाच म्हातारा निसर्गप्रेमी होऊन 'डायनासोरांना त्यांच्या बेटावर सुखाने राहू द्या' म्हणतोय. आता बोला.