पाच माणसांचा किराणा: लक्ष्मीपुरीचं पोतं, मॉल की ॲपची कूपन?

कळंबा_रोड
नमस्कार. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दूध, भाजी, गॅस सोडून नुसत्या किराण्याला महिन्याला साडेनऊ ते अकरा हजार जातात. पगार झाला की मॉलमधून मोठी खरेदी आणि मधे काही संपलं की फोनवरून मागवायचं, असं चाललंय. मिळेल ते कूपन लावते, तरी महिनाअखेरची बेरीज खाली येत नाही.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या घाऊक बाजारातून पोत्यानं घेणं खरंच परवडतं का, आणि कशाकशाचं? कूपन नेमकं कधी फायद्याचं? आणि मधली फुटकळ खरेदी थांबेल अशी यादी कशी करायची? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, माळा आहे, गच्चीवर ऊन मिळतं. हिशेबासकट सांगितलंत तर बरं होईल.

वही_पेन
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. आपल्या घरात काय किती लागतं हे ठाऊक नसेल तर पोतंही अंगावर येतं आणि कूपनही.

अंदाजानं लिहू नका, मोजा. पाकीट फोडलं की त्यावर मार्करनं तारीख टाकायची. 1 किलो तूरडाळ 3 तारखेला फोडली आणि 13 ला संपली, म्हणजे दहा दिवसांना किलो, महिन्याला 3 किलो. एक महिना एवढंच करा, घराचा खरा आकडा हातात येतो. तोवर पाच माणसांसाठी हा ढोबळ हिशेब धरा:

चपातीला साधारण 30 ग्रॅम पीठ जातं. दिवसाला 20 चपात्या म्हणजे 600 ग्रॅम, महिन्याला 18 किलो. भाकरीचे दिवस असतील तेवढे यातून वजा करा. एका भाकरीला 75-80 ग्रॅम पीठ लागतं. चहाच्या एका कपाला 2 ग्रॅम पावडर आणि 8 ग्रॅम साखर धरली तर रोजच्या आठ कपांना महिन्याला अर्धा किलो पावडर आणि 2 किलो साखर. तेल माणशी दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे 3 किलो. तुमच्याकडे यापेक्षा बरंच जास्त जात असेल तर तळण किती होतंय ते आधी बघा. एकट्या तेलात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच कूपननं पडत नाही.

यादी लिहायला बसण्याआधी डबे उघडायचे. घरात आहे तेच परत येतं ते बहुतेक मसाले, पोहे, शेंगदाणे आणि साबण यांत. लागणाऱ्यातून शिल्लक वजा करून उरेल तेवढंच लिहायचं. यादीत दराचा एक रकाना ठेवा आणि दर नेहमी किलोचा किंवा लिटरचा लिहा, पाकिटाचा नाही. 400 ग्रॅम, 450 ग्रॅम, 900 ग्रॅम अशी पाकिटं मुद्दाम विचित्र मापाची असतात. पाकिटावर एककाचा दर छापणं आता बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतो, तो वाचा.

मधली खरेदी थांबवायला फ्रिजवर एक कागद लावा. मीठ, चहा, साखर, तेल, साबण यातलं शेवटचं पाकीट फोडलं की लगेच तिथं नाव लिहायचं, संपल्यावर नाही. म्हणजे हाताशी आठ-दहा दिवस उरतात आणि घाईत मागवावं लागत नाही.

बिलाचा_तपशील
कूपनचं सांगतो.

"10 टक्के सूट, कमाल 150, किमान खरेदी 1,500" असं असेल तर ते कूपन बरोबर 1,500 च्या बिलालाच 10 टक्क्यांचं आहे. बिल 3,000 झालं की तीच सूट 5 टक्क्यांवर येते. म्हणून सगळी यादी एका बिलात कोंबू नका. कूपन दोनदा चालत असेल तर दोन बिलं करा. मात्र बऱ्याचदा अट "एका कार्डाला महिन्यातून एकदा" अशी असते, ती आधी वाचायची.

उलटा प्रकार किमान रकमेचा. बिल 1,260 वर अडलंय आणि 150 सुटावेत म्हणून 240 ची भर घालायची आहे. ही भर पुढच्या महिन्याच्या यादीतली असेल तरच फायदा. त्यासाठी न बिघडणाऱ्या सहा-सात वस्तू ठरवून ठेवा: मीठ, चहा पावडर, टूथपेस्ट, भांड्याचा साबण, कपड्यांची पावडर, काडेपेटी. भर यातूनच टाकायची. चिप्स, बिस्किटं टाकून 1,500 गाठले तर सूट गेलीच, वर 90 रुपये खिशातून गेले.

बेरीज नेहमी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची बघायची. डिलिव्हरी, हाताळणी, छोट्या ऑर्डरचा आकार हे सगळं तिथं जोडलेलं असतं. तुमच्या मधल्या ऑर्डरी दोन-अडीचशेच्या असतील तर 25-30 रुपयांचा आकार म्हणजे दहा टक्क्यांच्या वर झाला. महिन्याच्या खरेदीत कूपननं जे वाचतं ते इथं जातं.

आता सूट कशावर मोजायची? डाळ-तांदळाच्या पाकिटावरची एमआरपी विक्रीच्या दरापेक्षा खूप वर छापलेली असते. "एमआरपीवर 35 टक्के सूट" वाचून हुरळू नका, लक्ष्मीपुरीतल्या त्याच प्रतीच्या किलोच्या दराशी ताडून बघा. दुसरं, 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तूप-लोण्याचा 12 वरून 5 वर. कपड्यांच्या पावडरीचा 18 च राहिला. त्याआधीचे दर वहीत असतील तर ते खोडा, नाहीतर कर कमी झालेला आणि सूट मिळालेली यांत घोळ होतो.

कॅशबॅक आणि रोख सूट एक धरू नका. कॅशबॅक बऱ्याचदा त्याच ॲपमध्ये राहतो आणि त्याला मुदत असते. वापरायला पुन्हा तिथूनच घ्यावं लागतं. रोख सूट 80 ची आणि कॅशबॅक 100 चा असेल तर मी 80 घेईन.

आणि मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही. बऱ्याच ब्रँडांत रुपया-दोन रुपयांची शाम्पूची पुडी मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचंही तसंच. दर वेळी भागाकार करायचा.

गूळ_शाळू_घनसाळ
वरच्या दोघांचं पटलं. एकच जोडतो: तेलात किलो आणि लिटर एक समजून फसगत होते. एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम. 15 लिटरचा डबा 13.65 किलोचा भरतो. समजा 15 लिटरचा डबा 2,100 ला आणि 15 किलोचा 2,250 ला आहे. पहिला किलोला जवळपास 154 पडला, दुसरा 150. महाग दिसणारा डबाच स्वस्त. पिशव्यांवरही ग्रॅम वाचा. 910 ची पिशवी आणि 850 ची पिशवी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. आणि महिन्याला 3 किलो तेल लागणाऱ्या घरानं 15 किलोचा डबा एकट्यानं घेऊ नये. पाच महिने उघडा राहिला की तेल खवट होतं. दोन-तीन घरांत वाटून घ्या, नाहीतर 5 लिटरचा कॅन बरा.

आता पोत्याचं. सुट्ट्या धान्याला जीएसटी नाही. छापील पाकिटबंद धान्याला 25 किलोपर्यंत 5 टक्के आहे, त्याच्या वर नाही. बाजारात 26 किलोची तांदळाची पिशवी दिसते ती याचसाठी. 60 रुपयांच्या तांदळाला 25 किलोमागे हा फरक 75 रुपयांचा. पण वाहतूक धरा. गव्हाला किलोमागे 3 रुपये सुटले तर 50 किलोला 150, आणि रिक्षानं त्यातले 120 नेले तर दिवस वाया. अपार्टमेंटमधल्या तीन-चार घरांनी मिळून एकदम माल आणला तरच लक्ष्मीपुरी परवडते. घरपोच देतो का ते दुकानदाराला आधी विचारा, जास्त मालाला बरेच जण देतात.

कशाचं पोतं घ्यायचं ते हंगामावर. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येते, तिची डाळ मार्चपर्यंत घ्यावी. भात दिवाळीच्या आगेमागे निघतं. नवा तांदूळ स्वस्त मिळतो पण शिजल्यावर चिकट होतो. डिसेंबर-जानेवारीत घेऊन सहा महिने मुरवला तर जुन्याचे वाढीव पैसे वाचतात. हे रोजच्या तांदळाला. आजरा घनसाळ हा सुवासिक तांदूळ सणावारापुरता दोन-चार किलो घ्या. गूळ गुऱ्हाळं चालू असताना घ्यायचा, पण पावसाळ्यात तो पाघळतो, म्हणून महिन्याला लागेल त्या हिशेबानं किलोच्या ढेपा, 30 किलोचा रवा, म्हणजे मोठी ढेप, नको. साठवायचा कांदा उन्हाळीच. खरिपाचा टिकत नाही.

चटणीचं, म्हणजे वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याचं, तर वेगळं सांगायला नको. मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी. मेच्या मध्यापर्यंत डंकावरून कुटून आणा. कांदा कडकडीत वाळलेला हवा, त्यात ओल राहिली की पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते आणि वर्षाचा माल एकदम जातो. तयार कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाच्या किलोच्या दराशी ही चटणी एकदा ताडून बघा. कोल्हापुरातल्या घरात सगळ्यात मोठी बचत इथंच आहे.

रवा, बेसन, मैदा, शेंगदाणे यांचा साठा जून ते सप्टेंबरमध्ये करूच नका. दळपही पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू होतं.

कळंबा_रोड
खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. एप्रिलमध्ये एक क्विंटल गहू घ्यायचा विचार करतेय. माळ्यावर ठेवला तर चालेल का? आणि दुकानात म्हणाले, टोके, म्हणजे धान्यातले किडे, होऊ नयेत म्हणून गोळ्या टाका. कुठल्या घ्यायच्या?

गूळ_शाळू_घनसाळ
ताई, गोळ्या अजिबात नको. धान्यात टाकायच्या म्हणून सुट्ट्या मिळतात त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइड असू शकतं. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद फ्लॅटमध्ये झोपलेल्या माणसांचा जीव जातो. ते काम गोदामातलं, प्रशिक्षित माणसाचं. घरात मुलं आहेत, तर असली पुडी दाराच्या आत येऊ देऊ नका.

घेताना दाणा दाताखाली धरून बघा. कटकन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. ओला माल कितीही स्वस्त असला तरी नको. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी गोळा करून रात्रभर सावलीत पूर्ण निवू द्या आणि मग भरा. तापलेलं धान्य तसंच भरलं की डब्यात घाम धरतो, झाकणाखालचा थर आधी कुबट होतो आणि तिथूनच कीड पसरते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरानं टाका. डबा काठोकाठ भरा, वर पोकळी ठेवू नका.

माळा स्वयंपाकघरावरचा असेल तर टाळा, खालून वाफ जाते. खोलीतला चालेल, भिंतीपासून चार बोटं लांब आणि खाली फळी. 50 किलोचं पिंप माळ्यावर चढवत बसू नका. तेलाच्या रिकाम्या डब्यात 12 किलोच्या आसपास गहू मावतो, म्हणजे क्विंटलला आठ-नऊ डबे. गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन तेलाचा वास पूर्ण गेल्याशिवाय भरू नका. एकावेळी एकच डबा उघडायचा, बाकीचे बंद.

सोंड्याची (धान्यातल्या किड्याची) अंडी दाण्याच्या आतच आलेली असतात, त्यातून किडा बाहेर पडायला महिना-सव्वा महिना लागतो. म्हणून भरल्यावर पहिली तपासणी एका महिन्यानं. हात खोलवर घालून बघा. आत ऊब लागली किंवा पीठ हाताला चिकटलं तर तो डबा त्याच दिवशी उन्हात. हे मेअखेर उरकलं पाहिजे, कारण जूननंतर ऊन मिळेल याचा भरवसा नाही.

तूरडाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळून ठेवा, शिजवताना धुतलं की निघून जातं. रवा-बेसन आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.