मदत हवी आहे: वापरलेली लॅम्बोर्गिनी उरुस (एसयूव्ही) घेताना सस्पेन्शन कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. दादासाठी वापरलेली लॅम्बोर्गिनी उरुस बघतोय. ४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८, ६५० पीएस ताकद, ८५० एनएम टॉर्क. इंजिनाबद्दल प्रश्नच नाही. काळजी आहे ती खालच्या भागाची. दोन टनांहून जड गाडी वळणावर झुकत नाही ती ४८ व्होल्टच्या अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल बारमुळे (झुकणं रोखणारे, विजेच्या मोटरवर चालणारे दांडे), आणि मागची चाकंही वळत असल्याने दादरच्या गल्लीतही सोपी जाते. ही करामत मला फार आवडते! पण पावसाळ्यातले आपले खड्डे, त्यात हिंदमाताला तुंबणारं पाणी. एअर सस्पेन्शनची (गाडी हवेच्या दाबावर तोलणारी यंत्रणा) गळती ओळखायला रात्रभर उभी ठेवून चारही कोपऱ्यांची उंची मोजणं पुरेसं आहे का? कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्कची झीज मुंबईत कोण नीट तपासून देतं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, व्यवहार याच आठवड्यात ठरवायचा आहे.