अनुभव धागा: कट्ट्यावरून खेळात – घरी बदललेले खेळ आणि हस्तकला

दसऱ्याची सुट्टी संपत आली की बेळगावात गल्लोगल्ली दिवाळीच्या किल्ल्यांची बोलणी सुरू होतात. कुणी पोती गोळा करतं, कुणी लाल माती आणतं. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजलेत, पण गल्लीत प्रकार दोनच असतात: खेळायला घेतलेलं पोर आणि कट्ट्यावर बसवून ठेवलेलं पोर. कट्ट्यावरच्या पोराला खेळात आणायला तुम्ही घरी काय बदललंत ते लिहा. विकतच्या महागड्या खेळण्यांची यादी नको, ती दुकानदार देतोच. वस्तू कुठली, बदल काय केला आणि बाकीची पोरं त्यात टिकली का, एवढं सांगा.

शहापूर, बेळगाव – एक आई

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा कमी. उजवी मूठ घट्ट मिटलेली असते, डावी थोडी उघडते. किल्ला जमिनीवर झाला की तो वरून नुसता बघायचा. म्हणून आम्ही किल्ला जमिनीवरून उचलला आणि परसातल्या जुन्या बाकड्यावर बांधला. त्याच्या व्हीलचेअरचे पाय बाकड्याखाली जातात आणि तटबंदी बरोबर त्याच्या छातीसमोर येते. चिखलात बुडवलेलं गोणपाट दगडांवर थापायचं काम त्याचं. त्याला बोटं लागत नाहीत, मूठ आणि मनगट पुरतं. मातीचे मावळे मात्र त्याच्या हातातून सटकायचे. आमच्या घरी यंत्रमाग आहे, त्यामुळे सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या पडलेल्याच असतात. प्रत्येक मावळा एकेका कांडीच्या टोकावर चिकटवला आणि कांडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. आता मावळा घट्ट धरता येतो आणि कांडी ओल्या मातीत खुपसली की उभा राहतो.

एक गोष्ट थेरपिस्टताईंनी शिकवली. त्याचा हात धरून करवून घ्यायचं नाही. कोपराखाली उशी द्यायची, कोपर टेकलं की हात थरथरायचा थांबतो. वेळ लागतो, पण बुरूज वाकडा झाला तरी त्याचाच असतो. आळीव पेरायला खाऱ्या शेंगदाण्याच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाडून दिलीत. तो बरणी हलवतो आणि सगळ्या किल्ल्यावर हिरवं उगवतं, शेजारच्या पायरीवरसुद्धा.

निपाणी – एक वडील

मुलगी जन्मापासून पूर्ण अंध. तिला चल्लस, म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या फिरवायचा पटावरचा खेळ, शिकवायचा होता, कारण आमच्याकडे पावसाळ्यात दुसरं काही चालत नाही. प्लायवूडवर पाच बाय पाच घरं आखली, रेघांवर फेविकॉलने सुतळी चिकटवली. फुलीच्या घरात सँडपेपर, मधल्या घरात मखमल. सोंगट्या रंगाने नव्हे, वस्तूने ओळखायच्या: एका खेळाडूला चिंचोके, एकाला शर्टाची बटणं, एकाला गजगे. चाचपताना सोंगट्या सरकतात म्हणून प्रत्येकीखाली वेल्क्रोचा तुकडा आणि घराघरात त्याचा जोडीदार.

कवड्या स्टीलच्या ताटात टाकायच्या, म्हणजे लांब पळत नाहीत आणि कुठे पडल्या तेही कळतं. ती बोटाने किती उताण्या, किती पालथ्या ते बघते. आमच्याकडे चारही उताण्या म्हणजे चार, चारही पालथ्या म्हणजे आठ. लहान भाऊ आकडा खोटा सांगायचा. आता ती स्वतः चाचपल्याशिवाय डाव पुढे जाऊच देत नाही. भांडणं दुप्पट झालीत, हे मी चांगलंच लक्षण समजतो.

खानापूर तालुका – एक तरुण

मला स्वतःला फक्त उजेड-अंधार कळतो. निपाणीच्या काकांनी पट चांगला केलाय. आता क्रिकेटचं सांगतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये कडक प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, चेंडू हात खाली ठेवून सरपटत टाकतात, आणि चेंडू सोडताना बोलर ‘प्ले’ म्हणतो. पूर्ण अंध खेळाडूच्या रन दुप्पट धरतात. हे गल्लीत आणायला खर्च काहीच नाही. साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, सरपटताना खसखस वाजतो. पिशवी फाटते, दोन-तीन जास्तीच्या खिशात ठेवा. आम्ही शेताच्या बांधाजवळ असंच खेळायचो.

एक विनंती. सगळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ‘समान’ खेळ करू नका. पट्टी बांधलेलं पोर धडपडतं, हसतं, आणि आम्ही अंध लोक तसेच धडपडतो असं त्याला वाटतं. मी धडपडत नाही.

टिळकवाडी, बेळगाव – एक मावशी

भाचीला ऐकू येत नाही. संगीत खुर्चीत गाण्याऐवजी मी गॅलरीतून लाल ओढणी फिरवते. ओढणी खाली आली की बसायचं. ऐकू येणाऱ्या पोरांनाही हेच पाळावं लागतं, गाणं लावतच नाही. लपंडावात राज्य असलेल्याने आकडे मोजून झाले की दारातला बल्ब एकदा लावून बंद करायचा.

चिकोडीकडून – एक अज्जी (नात लिहून घ्यालीय)

आमच्या नातवाला ऑटिझम हाय म्हणून सांगितलंय. बेंदराला मातीचे बैल करताना पोरगं चिखल बघून किंचाळायचं. हाताला ओलं लागलेलं त्याला सोसतच नाही. मग सुनेनं मऊ माती दुधाच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं, अन् दिली त्याच्या मांडीवर. वरून दाबालाय, ठोसालाय, गंमत वाटालीय त्याला. बैल झाला नाही, वशिंड झालं फक्त. बाकीचा बैल मी केला की. मागनं कोरड्या हातानं शिंगं रंगवली त्यानं, एकच रंग, निळा. दुसरा दिला तर ढकलून देतोय.

त्याला गोट्या, डबे, चमचे ओळीत लावायला आवडतंय. लोक म्हणत्यात मोडून टाका ती सवय. कशाला मोडायची बा? मी शेजारी बसून पुढचा डबा त्याच्या हातात देतोय. आता माझा डबा यायची वाट बघतोय तो.

धागाकर्ती

अज्जी, नमस्कार. डबा देत राहा. गोट्यांवरून आठवलं, म्हणून माझं सांगते. भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू हळूहळू कमजोर होतात, दंडात जोर नाही, पण नेम बघावा तर त्याचा. बोच्या नावाचा एक खेळ आहे, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये. त्यात चेंडू टाकता न येणारे खेळाडू उतरत्या पन्हाळीवरून चेंडू सोडतात. पन्हाळ हलवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. खेळाडू सांगेल तसं त्याने सरकवायचं, स्वतः बघायचं नाही. आम्ही पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धी पन्हाळ केली, कडा कानशीने घासल्या, एक टोक खुर्चीच्या हातावर टेकवलं. भाऊ म्हणतो, ‘डावीकडे, आणखी थोडं, बस’. मी पाठमोरी. गोटी गलात पडली की नाही हे मला पोरांच्या आरड्यावरून कळतं. पाठ करायचा हा नियम फार मोठा आहे, कारण नेम धरणं हाच सगळा खेळ, आणि घरातली माणसं नेमकं तेच काढून घेतात.

पिरनवाडी – एक शिक्षिका

एक सावधगिरी. तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तर चिंचोके, मणी, बटणं लांबच ठेवा. दिसायला सुंदर म्हणून गुंजा तर घरातच आणू नका, त्या विषारी असतात, चावून गिळल्या तर जीवावर बेततं. आवाज करणाऱ्या खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला तर तो अन्ननलिका भाजतो, तेव्हा त्याचं झाकण स्क्रूचं असेल तरच घ्या. फिट येत असतील तर लुकलुकणारे दिवे टाळा.

आणि माझा प्रश्न: व्हीलचेअरवरून लगोरी कुणी खेळवलीय का?

शहापूरची तीच आई

होय ताई. दगडांऐवजी नारळाच्या करवंट्या, आणि जमिनीऐवजी स्टुलावर रचतो, वाकावं लागत नाही. चेंडूला लांब दोरी लावून ती खुर्चीच्या हाताला बांधते, फेकल्यावर ओढून घेता येतो. चाकाजवळ बांधू नका, गुंडाळते. करवंट्या आतून घासून घ्या, नाहीतर मुंग्या लागतात.