मोठ्या ट्रेकचा शेवटचा दिवस: आपले अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात राजगड-तोरणा-रायगड केला. अळू दरवाजा, बुधला माची, सिंगापूरची नाळ (घाटावरून खाली उतरणारी दगडधोंड्यांची घळ), सगळं सांगून झालं. राहिला तो शेवटचा दिवस. नाळेतल्या धोंड्यांनी आदल्या दिवशीच गुडघे कामातून गेले होते. काळ नदी ओलांडून रायगडाच्या पायथ्याशी आलो तेव्हा रोपवे समोर होता. मैत्रिणीच्या टाचेचा फोड फुटलेला, तिला म्हटलं, तू वर जाऊन थांब. ती म्हणाली, "राजगडावरून निघालेय ती पायी, पोचणारही पायीच." चौदाशेवर पायऱ्या. महादरवाजापर्यंत आम्ही दर वळणावर बसलो. जगदीश्वराच्या दाराशी बूट काढले आणि गार दगड तळव्यांना लागला. पायरीवर अक्षरं आहेत, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. ती मी आधीही वाचली होती. पण पहिल्या राजधानीतून दुसऱ्या राजधानीत चालत आल्यावर, ज्यानं हा गड बांधला त्यानं स्वतःसाठी एवढीच जागा मागितली हे पोटात कालवून गेलं. मागच्या समाधीपाशी आम्ही तासभर बसलो. कुणीच फोटो काढला नाही.

तुमचा शेवटचा दिवस कसा गेला? जरूर लिहा.

*

रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून. शेवटच्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं आणि खुबी फाट्यावर एसटी धरायची. गाडी चुकेल म्हणून पळत सुटलो आणि सोप्या वाटेवर पाय मुरगळला. तीन दिवस अवघड जागी पाऊल बघून टाकलं, घर दिसायला लागल्यावर बघणं सुटलं. तेव्हापासून परतीची गाडी ठरवताना मी तीन तास हातचे ठेवतो. नव्या मुलांनाही हेच सांगतो.

*

बाबांबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्प केला, ते तेव्हा ६१ वर्षांचे. शेवटचा दिवस नामचे ते लुकला. ३४४० मीटरवरून २८६० वर यायचं, म्हणजे उतारच, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात दूधकोशीच्या काठानं दिवसभर चढउतार, आणि लुकलाच्या आधी पुन्हा चढ. तो चढ बाबा एक शब्द न बोलता चढले. पासांग ल्हामू शेर्पांच्या नावाच्या कमानीखाली ते थांबले. १९९३ मध्ये एव्हरेस्ट सर करणारी पहिली नेपाळी स्त्री, उतरताना गेली. बाबांनी टोपी काढली.

रात्री आमचं सामान वाहणाऱ्या दाईंना (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) बक्षिसी दिली. ते दुसऱ्या सकाळी नवा गट घेऊन परत वर निघणार होते. बारा दिवस माझी सॅक त्यांच्या पाठीवर होती आणि त्यांना मुलं किती, हे मी त्या रात्री विचारलं. तीन. धाकटी माझ्या लेकीच्याच वयाची. हे पहिल्या दिवशी का विचारलं नाही, हे अजून सलतं.

*

पन्हाळा-पावनखिंड, आषाढातला धो धो पाऊस. पांढरपाणी सोडल्यावर कुणी बोलेना. खिंडीत उतरलो, शिवरायांची गारद (बिरुदांची ललकारी) म्हणायला आवाज लावला आणि अर्ध्यावर सगळ्यांचाच गळा दाटला. शेवटी आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीनं, नववीतल्या, ती एकटीनं पूर्ण केली. आम्ही फक्त "जय" म्हटलं.