मदत हवी आहे: भंगारात विमानाचा तुकडा आलाय, सोमवारी भट्टीत जाणार

उजळाईवाडीकर (शुक्रवार, रात्री ९:४०)
मंडळी, घाईत लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या फौंड्रीत भंगाराच्या लॉटमध्ये विमानाचा तुकडा आलाय. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरच असणार. सोमवारी सकाळी मुशीत जाईल. मामा म्हणतात, पत्रा तो पत्रा. नेमकं कोणतं विमान हे कसं ओळखायचं आणि तुकडा वाचवायचा कसा? लवकर सांगा.

भट्टीवाला (रात्री ९:५८)
भावा, फोटो कुठाय? केवढा आहे? लॉट कुठनं आला? स्पिटफायर कशावरनं म्हणतोस?

सुलभाकाकू (रात्री १०:१५)
चिंच आणि मीठ लावून घासून काढ बाळा. आमच्या देवघरातली भांडी अशीच लखलखतात. अक्षरं असतील तर आपोआप वर येतील.

रिव्हेटमोज्या (रात्री १०:२२)
काकू, तांब्या-पितळेला चिंच ठीक, पण हा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे. आंबट आणि मिठाने त्याला बारीक खड्डे पडतात आणि शिक्क्याची अक्षरं झिजतात. कॉस्टिक सोडा तर मुळीच लावू नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. तारेचा ब्रश नको. आधी अंधारात टॉर्च आडवी धरून पत्र्यावरून फिरवा, दबलेले आकडे सावलीने दिसतात.

उजळाईवाडीकर (रात्री १०:४०)
स्पिटफायर म्हणतोय कारण आतून हिरवा रंग आहे. लांबी साधारण चार फूट, रुंदी दीड. रिव्हेटांच्या रांगा आहेत. फोटो चढत नाहीये.

रिव्हेटमोज्या (रात्री १०:५५)
हिरवा कसा? राखाडीकडे झुकणारा, की पिवळट? ब्रिटिश विमानांच्या आतला रंग राखाडी-हिरवा असायचा. अमेरिकन कारखाने पिवळट-हिरवं झिंक क्रोमेट, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारत. स्पिटफायर असेल तर भागाचा क्रमांक सुपरमरीनच्या, म्हणजे ते बनवणाऱ्या कंपनीच्या, टाइप नंबरने सुरू होतो: ३०० म्हणजे पहिली आवृत्ती, ३४९ म्हणजे मार्क पाच, ३६० म्हणजे मार्क आठ. कॅसल ब्रॉमिच कारखान्यातला असेल तर 'सीबीएएफ' शिक्का मिळतो. पत्र्यावर शाईत काही छापलंय का ते बघा.

पंचगंगेकाठचा (रात्री ११:३०)
वळिवड्याला युद्धात पोलिश छावणी होती ना? त्यांचेच वैमानिक असणार. त्यांचं विमान पडलं असेल.

भट्टीवाला (रात्री ११:४१)
असं कसं? ती छावणी १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-पोरं. सायबेरियाच्या छावण्यांतनं इराणमार्गे जीव वाचवून आलेली. त्यांचा विमानाशी काय संबंध? माझी आजी तिथं दूध घालायला जायची.

पंचगंगेकाठचा (रात्री ११:५०)
संबंध असू शकतो, एवढंच म्हणतोय. पोलिश वैमानिक ब्रिटनच्या बाजूने लढलेच की. आणि तुझ्या आजीची गोष्ट वेगळा धागा काढून लिही, वाचायला आवडेल.

उजळाईवाडीकर (शनिवार, सकाळी ८:१०)
कृपा करून विषयावर राहूया. रंग पिवळट निघाला. टॉर्च मारल्यावर पत्र्यावर फिकट अक्षरं दिसली, मराठीत लिहितो: 'अल्क्लॅड २४एस-टी'. काठावर ठोकलेला आकडा ३२ ने सुरू होतो, पुढचे अर्धे एका ठिगळाखाली गेलेत. पॉलिश पेपर मारू का?

भट्टीवाला (सकाळी ८:३५)
मार की. आठशे नंबरचा, हलक्या हाताने.

रिव्हेटमोज्या (सकाळी ८:४४)
नाही! झिंक क्रोमेटची पूड विषारी आहे, कोरडा पेपर मारला की नाकात जाते. आणि रंगांचे थर हाच पुरावा असतो. तुम्ही फौंड्रीवाले आहात म्हणून सांगतो, चकाकी आली की माहिती गेली.

भट्टीवाला (सकाळी ९:०२)
राग नका मानू, ते पटलं. मीही एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. असल्या लॉटमध्ये चाकाची हबं मॅग्नेशियमची असू शकतात. अ‍ॅल्युमिनियम समजून मुशीत टाकलं तर पेट घेतं, आणि त्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन निघून स्फोट. कोरडी वाळूच टाकायची. ओळखायला एक थेंब व्हिनेगर: मॅग्नेशियम फसफसतं, अ‍ॅल्युमिनियम नाही. मामांना सोमवारच्या आत सांग, भट्टीवर माणसं उभी असतात.

रिव्हेटमोज्या (सकाळी ९:३०)
अल्क्लॅड २४एस-टी हा अमेरिकन पत्रा. तो डाकोटा, हार्वर्ड अशा सगळ्या अमेरिकन विमानांत असतो, म्हणून एवढ्यावर ठरत नाही. पण ३२ हा आकडा महत्त्वाचा. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या मोजणीत बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान म्हणजे मॉडेल ३२. लॉट कुठून आला हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

उजळाईवाडीकर (दुपारी १:२०)
मामांना विचारलं. पुण्याकडच्या एका जुन्या भंगार गोदामातून. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

रिव्हेटमोज्या (दुपारी १:५५)
तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं! युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर मोडतोड करून टाकून दिल्या होत्या, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून. १९४८ मध्ये आपल्या लोकांनी त्या जेमतेम उडण्याजोग्या केल्या, एकेक करून बंगळूरला उडवत नेल्या आणि तिथल्या एचएएल या विमान कारखान्याने नीट दुरुस्त केल्या. चाळीसच्या वर. त्याच वर्षी त्यावर हवाई दलाची ५ नंबरची स्क्वॉड्रन उभी राहिली. पुण्यालाही लिबरेटर होत्या. शेवटच्या १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. जगात आज ज्या मोजक्या उरल्यात त्यातल्या कित्येक आपल्या हवाई दलाकडूनच गेलेल्या आहेत, ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातली १९७४ साली गेली. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक आहे. तुमचा तुकडा पडलेल्या विमानाचा नसावा. लिबरेटरचा ठरला, तर भंगारातून उठून पुन्हा उडालेल्या विमानाचा असेल.

पंचगंगेकाठचा (दुपारी २:३०)
सापडलेली वस्तू कलेक्टरना कळवावी लागते. १८७८ चा निखात निधी कायदा.

भट्टीवाला (दुपारी २:४१)
तो जमिनीत गाडलेल्या धनासाठी. हा वजनावर घेतलेला माल आहे. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याला शंभर वर्षं लागतात. पावती जपून ठेव, पुरे. पण लॉटमध्ये काडतूस वगैरे दिसलं तर हात लावू नकोस, थेट पोलिसांना फोन.

उजळाईवाडीकर (रविवार, संध्याकाळी ६:०५)
मामांना कानपूरची हकिगत वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतः काट्यावर ठेवला, भंगाराच्या भावाने पावती केली आणि म्हणाले, घेऊन जा. हबं निघाली, दोन, व्हिनेगरने फसफसली. बाजूला काढलीत. तुकडा आता आमच्या सोप्यात आहे. एकच विचारतो: ठिगळाचे रिव्हेट वेगळे आहेत, जरा ओबडधोबड. ड्रिल करून ते काढलं तर आकडा पूर्ण मिळेल. काढू?

रिव्हेटमोज्या (संध्याकाळी ६:२०)
काढू नका. आधी ठिगळाच्या चारही कडा आणि रिव्हेटांची डोकी जवळून फोटोत घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. हाताने केलेली ती दुरुस्ती कानपूरची किंवा बंगळूरची असू शकते. क्रमांकापेक्षा मला तीच बघायची आहे.

उजळाईवाडीकर (संध्याकाळी ६:३१)
ठिगळ राहू दे मग. उद्या सकाळी उजेडात अंगणात काढतो आणि फोटो टाकतो. मामा पण येतो म्हणालेत.