विमानात अंतर कसं राखलंत? महामारीतल्या प्रवासाचे अनुभव

२०२० साली मी मुंबई तळावर हवाई सेविका होते. २४ मार्चच्या मध्यरात्री देशातली प्रवासी उड्डाणं थांबली आणि २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. त्या दोन महिन्यांत ‘दो गज की दूरी’ हे शब्द सगळ्यांच्या कानांवर इतके आदळले होते की विमानात शिरणारा प्रत्येक जण आधी शेजारच्या सीटकडे बघायचा. दो गज म्हणजे सहा फूट. विमानातली साधी सीट सतरा-अठरा इंच रुंद असते. हा हिशेब कुठल्याही विमानात जुळणारा नव्हता आणि तरी आपल्यापैकी अनेकांना प्रवास करावाच लागला. कुणाचं बाळंतपण होतं, कुणाची नोकरी गेली होती, कुणाचे वडील शेवटचे दिवस मोजत होते.

म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही त्या काळात उडाला असाल तर लिहा. नियम काय होते यापेक्षा प्रत्यक्षात काय झालं, शेजारचा माणूस कसा वागला, कुठे अंतर राहिलं आणि कुठे मोडलं, हे मला वाचायचं आहे. विमान कंपन्यांची नावं टाळा, प्रवास कुठून कुठे आणि साधारण कधी एवढं पुरे.

आखातातून मुंबई, मे २०२०

आमचं गाव खेड तालुक्यात. एप्रिलमध्ये साइट बंद पडली, कंपनीने हिशेब करून दिला आणि आम्ही दूतावासाकडे नाव नोंदवून वाट बघत बसलो. परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं ७ मे पासून सुरू झाली. माझा नंबर लागला तेव्हा रमजान चालू होता.

विमान पूर्ण भरलेलं होतं, मधल्या सीटसकट. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मागे राहिलेली माणसं डोळ्यांसमोर होती. एक सीट रिकामी ठेवायची म्हणजे त्यांच्यातला एक जण तिथेच अडकणार. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे संपलेत, खोलीत आठ जण झोपतात, त्याच्यासाठी रिकामी सीट हे अंतर नव्हे.

खाण्याची पिशवी आधीच सीटवर ठेवलेली होती. पाणी, बिस्किटं, सँडविच. कुणी काही वाढायला येणार नव्हतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा रोजा होता. खिडकीजवळच्याने सूर्य बुडाल्याचं सांगितलं तेव्हा प्रश्न पडला, की आता सगळे एकदम मास्क काढणार. पुढच्या रांगेतले एक वयस्कर भाई उठून हलक्या आवाजात म्हणाले, “खजूर तोंडात टाका, पाणी प्या, मास्क वर घ्या. बाकीचं खाणं उतरल्यावर.” शेजारचा माझ्याकडे पाठ करून बसला, मी खजूर खाल्ला. मग मी पाठ केली. तो रोजा नसलेला, सोलापूरकडचा माणूस होता. त्याने स्वतःची पिशवी उघडलीच नाही.

ईद आली तेव्हा मी विलगीकरणात होतो. मोबाइलवर बातमी वाचली, की त्याच दिवशी, सुट्टी असूनही, सर्वोच्च न्यायालयात मधल्या सीटवर सुनावणी झाली. परदेशातून माणसं आणणाऱ्या विमानांत मधली सीट रिकामी ठेवायची की नाही, हा वाद एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. सरन्यायाधीश बोबडे यांच्या पीठाने ६ जूनपर्यंतची आधीच विकलेली तिकिटं चालू दिली आणि पुढचं उच्च न्यायालयावर सोपवलं. मला दोन्ही बाजू पटल्या. तो वैमानिक आमच्या जिवासाठीच भांडत होता.

मुंबई ते नागपूर, जून २०२०

मी निवृत्त शिक्षिका. लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिच्या सासरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. जावईबापूंनी तिकीट काढलं, तेव्हा मधलीच सीट उरली होती.

१ जूनला विमान वाहतूक महासंचालनालयाने नवा नियम आणला होता. शक्य तिथे मधली सीट रिकामी ठेवा, नाहीच जमलं तर तिथल्या प्रवाशाला मास्क आणि फेसशील्डच्या जोडीला अंगभर गाऊन द्या. तो गाऊन मी घातला. पातळ कापड, पण वारा आत शिरत नाही. पाठीवरून घामाच्या धारा. त्याहून वाईट वाटलं ते हे, की आमच्या रांगेत गाऊन घातलेली मी एकटीच. जाणारे-येणारे बघत आणि अंग चोरून पुढे सरकत, जणू मलाच काही झालं आहे.

खिडकीशी एक तरुण मुलगा होता. तो म्हणाला, “काकू, तुम्ही इकडे बसा, गाऊन मी घालतो.” हवाई सुंदरीने नम्रपणे नकार दिला, जागा बदलता येणार नाही म्हणाली. मग त्या मुलाने दीड तास तोंड खिडकीकडेच ठेवलं. पाण्याचा घोटही घेतला नाही. उतरताना म्हणाला, “घाई नको काकू, गर्दी जाऊ द्या.” आम्ही सगळ्यांत शेवटी उतरलो.

लेकीच्या घरी मी वेगळ्या खोलीत राहिले. ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला दारातूनच बघायचं, हे मनाला फार लागलं. डिंकाचे लाडू मात्र मी मुंबईहून करून नेले होते, ते तिने खाल्ले.

धागाकर्ती

काकू, जागा बदलू न देण्याचं कारण सांगते. नंतर कुणी बाधित निघालं तर त्याच्या आजूबाजूच्या रांगांतल्या लोकांना शोधायला आसनक्रमांक हाच आधार होता. तुम्ही दोघांनी अदलाबदल केली असती, तर फोन चुकीच्या माणसाला गेला असता. तेव्हा हे समजावून सांगायला आम्हाला उसंत नसायची, आणि शील्डच्या आतून आमचा आवाजही नीट पोचत नसे.

आमच्याबद्दलही लिहिते. गाऊन, हातमोजे, मास्क, शील्ड. एकदा चढवलं की पाणी पिणं टाळायचो, कारण स्वच्छतागृहात जायचं तर सगळं उतरवावं लागे. प्रवाशांना जेवण द्यायचं नव्हतं, मासिकं काढून टाकली होती, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्या आणि उड्डाणाचा मधला वेळ शांत जायचा. अंतर मोडायचं ते विमान थांबल्यावर. पट्ट्याचा दिवा विझला की एकदम खटाखट आवाज यायचा आणि मधली वाट माणसांनी भरायची. ‘रांगेनुसार उतरा, तुमची रांग पुकारेपर्यंत बसून राहा’ हे मी दर वेळी दोन भाषांत सांगायचे. दीड तास शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून जपणारी माणसं दोन मिनिटांसाठी अनोळखी माणसाच्या मानेवर श्वास सोडत उभी राहायची. मला आजही हे उकलत नाही, आणि रागही गेलेला नाही. पुढे बस असायची, ती भरल्याशिवाय हलत नसे.

ज्या मोजक्या उड्डाणांत लोक खरोखर बसून राहिले, तिथे विमान रिकामं व्हायला फारसा जास्त वेळ लागला नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे.

नागपूर, मिहान

मी इथे विमान देखभालीत आहे. प्रवासी म्हणून कमी उडालो, पण धागाकर्तीने जे लिहिलं त्याला यांत्रिक कारण आहे, म्हणून लिहितो.

उडत्या विमानात हवा डोक्यावरून येते आणि पायांजवळच्या जाळ्यांतून बाहेर ओढली जाते. म्हणजे ती बहुतांशी वरून खाली जाते, पुढून मागे कमी. साधारण निम्मी हवा बाहेरची ताजी, निम्मी हेपा फिल्टरमधून गाळलेली. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. दोन-तीन मिनिटांत केबिनची सगळी हवा बदलते. घरात किंवा कचेरीत हे मिळत नाही.

पण विमान उभं असताना ही यंत्रणा चालू ठेवली नाही, तर हवा साचते. आणि नेमकं तेव्हाच लोक मधल्या वाटेत खेटून उभे असतात, बॅगा काढण्यासाठी हात वर, तोंडं एकमेकांसमोर. म्हणून उभ्या विमानातही हवा चालू ठेवणं आणि लोकांनी बसून राहणं, या दोन्हींचा आग्रह मी धरतो.

फिल्टरवर सगळं सोडून देणाऱ्यांना एक उदाहरण. २ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला पोचलेल्या विमानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. लक्षणं असलेली एकच व्यक्ती होती, बिझनेस क्लासमध्ये. नंतर एकूण १६ जण बाधित सापडले, त्यांतले १२ बिझनेस क्लासचे. तिथल्या सीट रुंद, पाय पसरायला जागा. तरीही. तेव्हा विमानात मास्कची सक्ती नव्हती आणि प्रवास लांबचा होता. शेजाऱ्याचा श्वास फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचतो. दोन सीटचं अंतर दहा तासांत पुरं पडत नाही, मास्क लागतोच.

मधली सीट रिकामी ठेवायला कंपन्यांचा विरोध होता, त्यामागचा आकडाही लिहितो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘आयाटा’ने, मे २०२० मध्ये सांगितलं होतं, की मधली सीट सोडली तर विमान जास्तीत जास्त ६२ टक्के भरेल, आणि खर्च निघायला सरासरी ७७ टक्के भरावं लागतं. हे खरंच आहे. पण परवडत नाही म्हणून धोका नाही, असं जे बोललं गेलं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. १५ जूनला उच्च न्यायालयाने मधल्या सीटला परवानगी दिली ती मास्क, शील्ड, गाऊन ही काळजी गृहीत धरून.

दाबोळी, डिसेंबर २०२०

गोव्याहून परतीचं विमान. नाताळची गर्दी. मास्क हनुवटीवर, सेल्फीसाठी डोकी एकत्र. माझी आई केमोथेरपी घेत होती, मी तिच्यासाठी मागच्या बाजूची एक रांग निवडली होती. तीनदा विनंती केल्यावर मागच्याने मास्क वर घेतला. पुढे १३ मार्च २०२१ ला आदेश निघाला, की वारंवार सांगूनही मास्क न लावणाऱ्याला बेशिस्त प्रवासी ठरवता येईल. तो तीन महिने आधी यायला हवा होता.

पुणे ते बेंगळुरू, नोव्हेंबर २०२०

मी पूर्ण अंध आहे. अंतराच्या नियमांत माझ्यासारख्यांचा विचार कुणी केलेला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो.

जमिनीवर उभं राहायच्या खुणा चिकटवल्या होत्या, त्या मला दिसणार नाहीत. वेब चेक-इन सक्तीचं, बॅगेची चिठ्ठीही घरीच छापून लावायची. ती नसली तर जाड कागदावर नाव आणि पीएनआर लिहून दोरीने बांधायचं. तेवढं मुलाने करून दिलं. पण विमानतळाच्या दारातून पुढे मी एकटा. मदतनीस मागवला होता, तो आला आणि मला हात लावायला घाबरला. त्याने माझ्या पांढऱ्या काठीचं टोक धरलं आणि मला ओढत निघाला. काठी हे माझं पाऊल आहे, तेच त्याच्या हातात. दोनदा ठेचकाळलो. त्याचा मला राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

खरं तर अंध माणसाला नेण्याची रीत तशीही बऱ्यापैकी सुरक्षित आहे. आम्ही वाटाड्याचं कोपर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. दोघांची तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर श्वास लागत नाही. हात आधी आणि नंतर धुतले की झालं.

सुरक्षा तपासणीपाशी एका जवानाने माझी अडचण ओळखली. म्हणाला, “सर, कंधा पकड़ लीजिए.” मी सॅनिटायझर लावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दारापर्यंत सोडायला आला. विमानात सेविकेने सीटच्या पाठी मोजायला सांगितल्या, डावीकडच्या सातव्या रांगेत थांबा म्हणाली, आणि मी माझा माझा पोचलो. शिकवायला एवढंच लागतं. पुढच्या साथीच्या वेळी नियम लिहिताना आम्हाला बोलवा.

अटलांटा ते मुंबई, जानेवारी २०२१

पहिलं विमान अमेरिकेतलंच, अटलांटाहून. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने ३० एप्रिल २०२१ पर्यंत मधली सीट विकली नाही, त्यामुळे माझ्या शेजारी मोकळी जागा. दीड-दोन तासांचा प्रवास आणि मोकळी जागा! पुढचं मुंबईचं विमान ‘एअर बबल’मधलं, म्हणजे दोन देशांतल्या खास कराराने चालणारं, पंधरा तासांचं आणि काठोकाठ भरलेलं. जिथे अंतराची खरी गरज तिथे ते नव्हतं. मागच्या तीन सीट तेवढ्या रिकाम्या, वाटेत कुणाला त्रास झाला तर वेगळं बसवायला.

बाबांचं सांगलीत ऑपरेशन होतं. शेजारी एक गुजराती आजी होत्या, मुलाकडून परत निघालेल्या. आम्ही ठरवलं, एकीने जेवायचं आणि दुसरीने तेव्हा मास्क ठेवायचा. डोक्यावरचा हवेचा झोत दोघींनी चालू ठेवला. आजींना थंडी वाजत होती, मी माझी शाल दिली, पण झोत बंद करायचा नाही यावर त्या ठाम होत्या. बाबांना भेटायच्या आधी पुन्हा चाचणी केली, निगेटिव्ह आली.

मुंबई ते गुवाहाटी आणि इतरत्र, २०२० ते २०२१

मी व्हेंटिलेटर दुरुस्त करतो. त्या दीड वर्षात सतत उडालो. एका गैरसमजाबद्दल लिहायचं आहे. घरचे टीव्हीवर ऐकायचे, ‘विमानसेवा एक तृतीयांश क्षमतेने’, ‘आता ८० टक्के’, आणि त्यांना वाटायचं, तेवढ्या सीट रिकाम्या असणार. तो आकडा उड्डाणांच्या संख्येचा होता. एकेक विमान पूर्ण भरायला काहीच आडकाठी नव्हती. मे २०२० मध्ये ३३ टक्क्यांपासून सुरू होऊन १८ ऑक्टोबर २०२१ ला १०० टक्के झाले, त्या साऱ्या काळात मी ठासून भरलेल्या विमानांतून गेलो आहे.

काही ठिकाणी जादा पैसे भरून शेजारची सीट आपल्याच नावावर घेता यायची. आमच्या कंपनीने ती परवानगी दिली. मी ज्या रुग्णालयात जायचो तिथेच ऑक्सिजनची पाइपलाइन टाकायला येणाऱ्या मुलाला त्याच्या ठेकेदाराने दिली नाही. तो गाऊन घालून मधल्या सीटवर बसायचा, आणि आयसीयूत आम्ही दोघं एकाच वेळी शिरायचो.